दुपारची चाचणी

देवळीच्या बाजारातल्या आपल्या दुकानात गजेंद्रने ट्रॅक्टरसाठी एक डबी तयार केली होती. ट्रॅक्टर धोक्याइतका एका अंगाला कलला की ती वाजायची. आत नखाएवढा काळा चौकोनी तुकडा होता. त्याच्या पोटात केसाहून बारीक स्प्रिंगांवर एक कण टांगलेला असतो. बैलगाडी उताराला लागली की आपण जसे पुढे झुकतो, तसा कलताना तो कण सरकतो, आणि किती सरकला ते विजेने मोजता येतं.

२००६चा मे चालू होता. नागपूरचे व्यापारी अच्युतराव डबी पाहायला यायचे होते. पसंत पडली तर ती त्यांच्या दुकानांतून विकली जाणार होती. नाही तर सोमवारी गजेंद्रला पुण्याजवळच्या कारखान्यात रुजू व्हायला निघायचं होतं. बायको ज्योत्स्ना देवळीच्या शाळेत शिकवायची. तिला इथेच राहणं भाग होतं. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं.

दोघांनी डबी रोज तपासली होती, सकाळी आणि ऊन उतरल्यावर. मे महिन्यात दुपारी देवळीत शटर अर्धं ओढतात आणि कूलरसमोर पडतात. त्या वेळी तपासणी करावी हे दोघांच्या मनातही आलं नाही.

अच्युतरावांची गाडी वाटेत बंद पडली आणि ते भर दुपारी पोचले. चाचणीसाठी बोलावलेले शेतकरी रूपराव यांचा ट्रॅक्टर डबी बसवून सकाळपासून दुकानासमोर उन्हात उभा होता. रूपराव सीटवर बसले, चटका बसून उठले, पुन्हा बसले. गजेंद्रने बटण दाबलं. सपाट रस्त्यावर डबी किंचाळू लागली.

"काऊन बोंबलून राह्यली रे गजूभाऊ? म्या तं अजून गिअरबी टाकला नाई!"

"थांबा, रूपरावदादा." गजेंद्रने डबीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तवा झाली होती.

"बंद कर बाप्पा, डोकं उठलं!" रूपरावांनी स्वतःच वायर उपटली.

अच्युतराव रुमालाने मान पुसत म्हणाले, "बघितलंत? शेतातही असंच होणार. सपाटावर एकदा ओरडली की ड्रायव्हर वायर काढतो. मग खरंच कललं तरी कोण ऐकणार?"

"साहेब, हा तुकडा तापला की चुकतो. उन्हात न चुकणाराही मिळतो. मोटारींत घालतात तो. बसवून दाखवतो."

"तुम्ही मागवला होता?"

गजेंद्रने मान खाली घातली. "मागवला होता. कंपनी लाख नगांच्या खाली विकत नाही."

"एवढे ट्रॅक्टर विदर्भात तरी आहेत का हो?" अच्युतरावांचा स्वर मऊच होता. पाणी पिऊन ते निघून गेले.

ऊन उतरल्यावर ज्योत्स्ना दुकानात आली. तिने डबी तिरपी धरली, बरोबर वाजली. सरळ केली, गप्प झाली.

"अहो, नीट तर चालून राह्यली!"

"आता चालते."

"मंग दुपारी नका लावू म्हनावं."

ती हसवायला बघत होती. गजेंद्र हसला नाही. ट्रॅक्टर दुपारीही चालतात, हे तिलाही ठाऊक होतं.

तिने डबी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "सोमवारची गाडी वर्ध्याहून किती वाजता हाय?"

"रात्रीची."

"दिवाळीले तरी येजा." तिने तोंड फिरवलं आणि शटर ओढलं.