बाजूचा तंबू

एरवी ती प्रसूतिगृहात परिचारिका. वर्षातून एकदा राखीव लष्करी तुकडीच्या सरावाला जायची. तंबू ठोकायचे, लाल रंग फासलेले खोटे जखमी उचलायचे आणि हसतखेळत घरी यायचं. मग लढाई पेटली आणि खरंखुरं बोलावणं आलं.

फील्ड हॉस्पिटलच्या तोंडाशी तिची नेमणूक झाली. वाचण्यासारखा असेल त्याला आत, शस्त्रक्रियेला पाठवायचं. हाताबाहेर गेलेल्याच्या मनगटाला काळी पट्टी बांधून, वेदना मारायची सुई देऊन बाजूच्या तंबूत. एका दुपारी जखमींची रीघ लागली. त्यात एक ट्रकचालक होता. पोटाच्या चिंधड्या झालेल्या, पण शुद्ध पक्की. तिनं पट्टी बांधली तसा तो म्हणाला, "ताई, एकट्याला टाकू नका हो."

"आलेच," ती म्हणाली.

पुढचं स्ट्रेचर आलं, त्याच्यामागून आणखी एक. ती त्याच्याकडे गेली तेव्हा कुणीतरी त्याच्या तोंडावर चादर ओढली होती.

लढाई थांबली, ती घरी परतली. तोही मागोमाग आला. नुकतं जन्मलेलं बाळ पुसताना अगदी कानाशी, "ताई." जिन्यात, "ताई." जेवताजेवता ती मध्येच म्हणायची, "आलेच." नवऱ्याचा घास हातातच राही. "अगं, कुणाला?"

दोन वर्षांनी पुन्हा बोलावणं आलं. तिनं तुकडीच्या सर्जनना गाठलं. "सर, मला बाजूचा तंबू द्या."

"तिथं काय काम आहे? तुझे हात मला टेबलापाशी हवेत."

"तिथंही जिवंत माणसं असतात, सर."

सर्जननी यादीतली तिची जागा खोडली. मग म्हणाले, "बरं. पण हाक मारली की यायचं."

पहिला आला तो पलटणीचा म्हातारा स्वयंपाकी. "सगळी पलटण बोटं चाटत जेवते," तो पुटपुटला, "आणि सूनबाईंचं मात्र नाक वर!" ती खरंच हसली. तोही हसला, आणि तिच्या हातातला त्याचा हात सैल पडला.

तेवढ्यात पाठीमागून, "ताई."

तिनं वळून पाहिलं. मागे रिकामी खाट होती. ती उठली, त्या खाटेजवळ जाऊन बसली. "बस झाली धावाधाव," ती म्हणाली. "बोल, काय म्हणत होतास?"

सर्जन बोलवायला आले ते दारातच थबकले. तिला वाटलं, आता वेड्यात काढतील. पण ते खाली वाकून आत आले, जमिनीवरच टेकले.

"माझे तिघं आहेत," ते हळूच म्हणाले. "हात धुताना येतात."

बाहेर जखमींच्या गाडीचा हॉर्न वाजला. दोघंही उठून धावले.