हिराबाई जेवायला येणार

“तुमचा सम्राट वारला की त्याचं नाव बदलतं ना? मग वर गेल्यावर त्याची आई त्याला कुठल्या नावाने हाक मारते?”

हा प्रश्न मी एका खऱ्याखुऱ्या जपानी इंजिनियरला विचारला, इथे आखातात, आमच्याच मनामाच्या फ्लॅटमध्ये, त्यांच्या ताटात आई वरण वाढत असताना. माझ्या वर्गातल्या सायरा आणि तेजस्वी म्हणाल्या होत्या, “मैत्री, हे विचारून दाखव, शावरमा आमच्याकडून!” शावरम्यासाठी मी काहीही विचारू शकते. जपानचा इतिहास तर माझा जीव की प्राण.

पण मुळात पाहुणे आले होते वेगळ्याच कामाला. अकरावीला सायन्स की आर्ट्स, हे शनिवारी शाळेत सांगायचं होतं. पप्पांनी सायन्स कधीच पक्कं केलं होतं, फक्त माझी मान हलायची बाकी होती. ती हलवायला त्यांनी आपल्या तुबलीच्या वर्कशॉपमध्ये पंप बसवायला आलेले जपानी साहेबच जेवायला बोलावले. इंजिनियरने सांगितलं की पोरगी ऐकेल, असा हिशेब.

वर्कशॉपमधून त्यांनी आईला फोन केला, “इंदू, शुक्रवारी हिराबायाशी जेवायला येतायत.” मागे मशिनींचा धडधडाट. आईने ऐकलं, हिराबाई.

“एकट्याच?”

“हो, एकटेच. तिखट कमी घाल.”

“हिराबाई नागपूरच्याच असतील का गं?” आईने मला विचारलं. मी म्हटलं, जरा लांबच्या आहेत. आता सांगा, अशी करमणूक कोण सोडेल?

शुक्रवारी दार उघडलं तर समोर टाय लावलेले, टक्कल पडलेले, हसरे गृहस्थ. आई त्यांच्या खांद्यावरून जिन्यात बघतेय.

“अहो, आणि हिराबाई?”

“हेच की!” पप्पा म्हणाले.

आईच्या हातात हिराबाईंसाठी आणलेला हिरवागार ब्लाऊजपीस. मागे तरी कसा घ्यायचा? दिला. साहेबांनी कमरेत वाकून, दोन्ही हातांनी घेतला आणि व्यवस्थित घडी करून कोटाच्या वरच्या खिशात खोचला. शपथ, शोभत होता.

तर माझ्या प्रश्नावर पप्पांचा घास हातातच राहिला. साहेब मात्र हसले. म्हणाले, “शोवा हे सम्राटाचं वारल्यानंतरचं नाव कॅलेंडरसाठी. आईने ठेवलेलं नाव आईकडेच राहतं.”

मग मला कोण आवरणार! मी जपानचे सगळे कालखंड पाठ कसे केले ते त्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं. आधी नारा, म्हणजे घोषणा द्यायची. मग हेआन, म्हणजे आई स्वयंपाकघरातून ओरडते, “हे आण!” कामाकुरात नुसतं काम. आणि तोकुगावा म्हणजे आमच्याकडचे तोकुगावकर, अडीचशे वर्षं गादीवरून हललेच नाहीत. साहेबांना ‘हे आण’ इतकं आवडलं की त्यांनी लोणच्याकडे बोट दाखवून लगेच वापरलं. आई पळत लोणचं घेऊन आली.

नाराचं नाव निघाल्यावर पप्पाच पुढे सरकले. तिथली बुद्धाची मूर्ती केवढी? ब्राँझची? ओतली कशी, तुकड्या-तुकड्यांत? बाराशे वर्षांपूर्वी? सायन्स बाजूलाच राहिलं. मी मनात म्हटलं, यल्ला, चला पप्पा, चालू द्या.

“आणि मेईजी काळात तुमच्या मिकिमोतोंनी शिंपल्यात मोती पिकवले,” मी म्हणाले. “आमच्या खाली राहणाऱ्या जुबैदा आजींचे वडील मुहर्रकचे, समुद्रातून मोती काढणारे पाणबुडे होते. स्वस्त जपानी मोती बाजारात आले, आणि त्यांची होडी किनाऱ्यावरच राहिली. मिकिमोतोंना हे कधी कळलं असेल?”

“मला माहीत नाही,” साहेब म्हणाले. “मी हा प्रश्न कधी विचारलाच नाही.”

पप्पांना तेवढ्यात आपलं काम आठवलं. “सर, हिला जरा सांगा ना. इंजिनियरिंगच चांगलं, नाही का?”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे. “रामटेके-सान, तुमच्या मुलीने आज मला पुष्कळ प्रश्न विचारले. पंपाबद्दल एकही नाही.”

पप्पांचा चेहरा असा झाला की आईने हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

साहेब गेल्यावर पप्पा सोफ्यावर बसले. “हा माणूस माझ्या बाजूने बोलायला बोलावला होता मी!”

“पण ते खरं तेच बोलले ना, पप्पा.”

“आर्ट्स घेऊन करशील काय?”

“ते अजून ठरलं नाही,” मी म्हणाले. “पण जुबैदा आजींच्या वडिलांची होडी का थांबली, हे मला फिजिक्सच्या पुस्तकात सापडणार नाही. आई, पप्पा, मी शनिवारी आर्ट्स सांगणार आहे. खलास.”