मनगटाचं माप

भावजय आणि मी एकाच टेबलावर राख्या करायचो, आणि बोलायचो फक्त कामापुरतं. "कात्री" म्हटलं की कात्री यायची, तीही टोक माझ्याकडे करून.

दोरे माझे, ताटं तिची. मी रेशमाला पीळ देते, एका टोकाला फास ठेवते, दुसऱ्याला मणी ओवते. मणी फासात अडकवला की राखी बसली. पण लांबी मागाहून वाढवता येत नाही. म्हणून भावाच्या मनगटाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून, कापून आणा, असं आम्ही गिऱ्हाइकांना सांगायचो. भावजय ताटांना काचा, मोती, काठाला लाल गोफ लावायची. ताटं सुरेख व्हायची. हे मी तिला मेले तरी सांगणार नाही.

भांडण मागच्या खोलीवरून होतं. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून मी त्या खोलीत राहत होते. भावजयीला तिथे ताटांची खोकी ठेवायची होती. खोकी निदान उलट बोलत नाहीत, असं ती मला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणायची. भावाला विचारलं की त्याचं एकच, "सण होऊ दे, मग बघू." लहानपणापासून तो असाच, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

म्हणून मी ठरवलं, राखी बांधायची आणि काका-काकूंच्या देखत ओवाळणीत खोली मागायची. राखी बांधलेल्या हाताने बहिणीला नाही म्हणणं जड जातं. भावजयीला हे कळलं होतं. ती उडत्या पाखराची पिसं मोजणारी बाई.

"वन्सं, यांच्या मनगटाचं माप घेतलंत का?" आदल्या दिवशी तिने विचारलं.

"कडेवर घेऊन फिरवलाय त्याला मी. मला माप शिकवू नकोस."

"बरं. मला काय."

ती गालात हसली असं मला वाटलं. मग तर मी पट्टी घेणारच नव्हते.

सणाच्या दिवशी भाऊ पाटावर बसला. शेजारी काका-काकू. माझ्या हातातलं ताट भावजयीनेच सजवलेलं होतं, आणि त्यात कुठे कसर नव्हती. वैऱ्यालाही वाईट काम द्यायचं नाही, एवढा तिला स्वतःच्या हाताचा माज. मी टिळा लावला, ओवाळलं, ताट खाली ठेवून दोरा मनगटाभोवती घेतला.

मणी फासापासून बोटभर अलीकडे थांबला.

मी ओढून पाहिलं. काकू म्हणाली, "ओढ, बसेल." बसेल कसा? माझ्या डोक्यातलं मनगट कधीचंच उरलं नव्हतं. हे चांगलं भरलेलं होतं, त्यावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटला होता.

तोंडात उत्तर तयार ठेवूनच मी भावजयीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती, म्हणून मीही पाहिलं. त्याला हायसं वाटलं होतं. परीक्षा पुढे ढकलली की व्हायचा तस्सा चेहरा.

"राहू दे गं ताई," तो प्रेमाने म्हणाला. "मनात आहे ना, झालं. पुढच्या वर्षी नीट बांध." आणि त्याने बाही खाली ओढली.

तेव्हा मला त्याचा जेवढा राग आला, तेवढा भावजयीचा कधीच आला नव्हता.

भावजय पुढे आली. खाली ठेवलेल्या ताटाचा गोफ तिने टर्रकन उपटला. मोती कोचाखाली घरंगळले.

"हा घ्या, जोडा," ती म्हणाली. "बांधा आणि मागा काय मागायचंय ते. मी भांडणारच आहे. पण तोंडावर भांडेन."

मी गोफ फासात ओवून गाठ मारली. गिऱ्हाइकाला कधी दिली नसती अशी ओबडधोबड गाठ, पण पक्की.

"हात दे," मी म्हणाले.

तो उठून उभा राहिला होता. "काका, चला, पानं वाढलीत," तो म्हणाला. त्याचे दोन्ही हात खिशात होते.

काका-काकू त्याच्यामागून आत गेले. मी खाली बसून मोती वेचू लागले. भावजयही समोर बसून वेचू लागली.

"खोकी परवा आणेन," ती म्हणाली.

"उद्या आण. दारात मीच असेन."