गुरुवारची गावं

टक्, टक्. मधल्या बोटाचं पेर वाकवून वस्तूवर दोनदा हलकेच वाजवायचं, मान किंचित कलती करायची आणि उमटलेला नाद विरत विरत कुठवर जातो ते डोळे मिटून ऐकत राहायचं, ही ह्यांची सवय. माठ घेताना सगळेच वाजवून पाहतात. हे देवळाचा खांब वाजवत, सागवानी दार वाजवत, कलिंगड, कढई, वाटेतला मैलाचा दगड, आणि एकदा तर ओसरीवर घोरत पडलेल्या माझ्या मावसभावाचं टक्कलही त्यांनी सोडलं नव्हतं. चैत्रातल्या पांढऱ्या उन्हात, सगळं गाव दुपारच्या सुस्तीत बुडालेलं असताना, तो एवढासा आवाज फार स्वच्छ ऐकू येई. आज ह्यांचा चेहरा आठवायला बसले की आधी तो आवाज येतो, आणि चेहरा मागाहून, जरा उशिरानेच येतो.

हे म्हणजे माझे यजमान, दत्तात्रय. भोसरीतल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. कंपनी चाकणला हलली, तसे हेही रोज दिघीहून चाकणला जाऊ लागले. लोखंडी साच्यावर बोट फिरवून कुठे बारीकशी धार राहून गेली आहे का ते पाहायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे कुठलीही गोष्ट नुसती पाहून त्यांना पुरत नसे. हात लावल्याखेरीज ती खरी होत नसे. बोलणं मात्र बेताचं. ‘बरं आहे’ हे त्यांच्या कौतुकाचं शिखर आणि ‘असू दे’ ही त्यांच्या संतापाची परिसीमा. या दोन टोकांच्या मधल्या विस्तीर्ण प्रदेशात त्यांना काय वाटतं, याचा थांग मला संसारभर लागला नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी ते गेले. त्यांच्याविषयी एक गोष्ट तरी मला नक्की ठाऊक आहे असं मी तेव्हा समजत होते, आणि आता तीही डळमळली आहे.

ती गोष्ट म्हणजे आमचे गुरुवार. आमच्या या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. कारखान्यांना वीज पुरवायची म्हणून फार पूर्वी एकेका भागाला सुट्टीचा वार वाटून दिला, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला, आणि मग भोसरीपासून चाकणपर्यंत दुकानं, गॅरेजं, न्हाव्याकडची गर्दी, घराघरांतले मटणाचे बेत, सगळं त्या वारावर बेतलं गेलं. माहेरी बीडकडे मी हे सांगितलं, तेव्हा आईला वाटलं की जावयाच्या नावाला साजेशी त्यांच्या कंपनीतही दत्तगुरूंची मोठी भक्ती असावी. मी तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडले नाही.

गुरुवारी सकाळी हे मोटारसायकल पुसून दाराशी लावत आणि ‘चल’ एवढंच म्हणत. मी वाटेत खायला डब्यात धपाटे भरून घेई, आमची लेक मधुरा लहान असताना तिला मध्ये बसवी, आणि आम्ही निघत असू. कधी घोरवडेश्वरची लेणी, कधी पवनेचा काठ, कधी राजगुरुनगरच्या पलीकडची खेडी. पण गावांचे उत्सव काही कंपनीची सुट्टी पाहून येत नाहीत. जत्रा तिथीने भरते, आठवडी बाजार आपल्या वाराला भरतो, आणि श्रावणात भीमाशंकरला माणसांचा पूर येतो तो सोमवारी. त्यामुळे आम्ही जिथे जाऊ तिथे काल-परवा काहीतरी होऊन गेलेलं असे. तिथी आणि गुरुवार यांचा कधी योग जुळलाच, तर नेमका त्या गुरुवारी ओव्हरटाइम निघे.

मग मी उत्सव पाहिले ते त्यांच्या उतरणीवरून. पायवाटेच्या धुळीत मिसळलेला गुलाल, पाळण्याचे सुटे करून रचलेले लोखंडी खांब, पारावर ताणून दिलेली माणसं, कुस्तीच्या आखाड्यातली उकरलेली माती, आणि उरलीसुरली रेवडी हात सैल सोडून देऊन टाकणारा मिठाईवाला. हा सारा प्रदेश मुळातच असा शांत, अर्धवट झोपेतला आहे, अशी कितीतरी वर्षं माझी प्रामाणिक समजूत होती. वर्तमानपत्रात आम्ही पाहिलेल्या एखाद्या गावच्या जत्रेचा गर्दीने उसळलेला फोटो आला, तर मला वाटे की छापणाऱ्याने गावाचं नाव चुकवलं.

अशाच एका उतरणीच्या सकाळी, राजगुरुनगरपलीकडच्या, आम्ही वरचेवर जात असू अशा एका गावात, तमाशाचा फड बांधाबांध करत होता. कनात उतरली होती, दोर गुंडाळले जात होते, आणि ट्रकच्या चाकाला पाठ टेकून एक म्हातारा ढोलकीवाला मांडीवरच्या ढोलकीवर बोटांच्या टोकांनी, कुणासाठीच नाही असं, वाजवत होता. रात्रभर गर्जलेली ती ढोलकी आता जुन्या शेजारणीसारखी हळू आवाजात बोलत होती. हे जाऊन त्याच्या शेजारी मातीत बसले. म्हाताऱ्याने एक बोल काढला. ह्यांनी ढोलकीच्या लाकडावर टक् टक् केलं. म्हातारा हसला, त्याने पुन्हा तोच बोल किंचित लांबवून टाकला. बराच वेळ हे चाललं. नंतर हे डोळे मिटून, चाकाला डोकं टेकून, नुसतेच ऐकत राहिले. ट्रकच्या सावलीची कड त्यांच्या पायांवरून हळूहळू सरकत गेली. मी मधुराला घेऊन दूर उभी होते, आणि माझ्या मनात आलं होतं की हा माणूस सुखी आहे.

दुपारी जेवायला आम्ही त्या गावच्या फाट्यावर यमुनाबाईंच्या खाणावळीत जात असू. तीळ, सुकं खोबरं, लसूण यांचं सारण बेसनाच्या पोळीत गुंडाळून केलेली मासवडी, वर तर्रीने तांबडालेला रस्सा आणि चुलीवरची बाजरीची भाकरी. मासवडी मला मराठवाड्यात ठाऊक नव्हती. नाव ऐकून, मासळी समजून पहिल्यांदा मी ताट मागे सारलं, तेव्हा हे ओठांच्या कोपऱ्यातून हसले होते आणि एक वडी मोडून आतलं सारण त्यांनी मला दाखवलं होतं. जेवण झालं की हे देवळात जात, दगडी खांबाला पाठ लावून बसत आणि डोळे मिटत. गाभाऱ्यातल्या समईचा उजेड आणि दारातून आलेलं ऊन यांच्या सीमेवर त्यांचा चेहरा असे. ध्यान लागलेल्या माणसाला हाक मारू नये, एवढं मला कळत होतं.

गेल्या माघात सलीमभाई घरी आले. हे आणि सलीमभाई एकाच टूलरूममध्ये वाढले. सलीमभाईंनी पुढे नोकरी सोडून चाकण रस्त्याला गॅरेज काढलं. मुलीच्या लग्नाचं आवतण द्यायला आले होते. चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि मी सहज म्हटलं की ह्यांना फिरण्याची फार हौस होती. सलीमभाईंनी कप खाली ठेवला.

“वहिनी, दत्ताला कसली हौस? गुरुवारी त्याला फक्त झोप पाहिजे असायची,” ते म्हणाले. “बुधवारी शिफ्ट सुटताना डोळे चोळत म्हणायचा, उद्या गाडी काढायला लागणार राव. तिचं इथं कुणी न्हाई, घरात कोंडून राहिली तर येडी होईल.”

त्यांनी ते मायेने सांगितलं. मित्राची थोरवी सांगावी तसं सांगितलं. मी हसले, दारापर्यंत सोडायला गेले, आणि परत येऊन रिकाम्या कपांसमोर कितीतरी वेळ बसून राहिले.

कारण खरी गंमत अशी की हौस मलाही नव्हती. गुरुवारी आमच्या नळाला पाणी टिकून येई. ह्यांचे तेलकट कपडे भिजवावेत, डाळी उन्हात घालाव्यात, दुपारी पंख्याखाली आडवं व्हावं, असं मला फार वाटे. पण आठवडाभर यंत्रांच्या गदारोळात उभा राहणारा माणूस, त्याला एक दिवस मोकळी हवा हवी, म्हणून मी पहाटे उठून धपाटे थापत असे. म्हणजे मी ह्यांच्यासाठी आणि हे माझ्यासाठी! दोघांनी एकमेकांना ओढत सगळा तालुका पालथा घातला की काय? हसावं की रडावं ते कळेना. शेजारणीला सांगितलं, तर ती म्हणाली, किती प्रेम हो. मला तिचा रागच आला. प्रेम होतं ते मलाही ठाऊक आहे. मला एवढंच हवं होतं की ते सुखी असावेत.

त्या दिवसापासून माझ्या मनातली सगळी चित्रं संशयित झाली. चाकाला डोकं टेकून ऐकणारे हे, की पेंगणारे? देवळातलं ते ध्यान, की आठवड्याची चोरलेली डुलकी? मिटलेले डोळे दोन्हीकडे सारखेच दिसतात. तीच सावली, तेच ऊन, तोच चेहरा मी पुन्हा पुन्हा समोर धरून पाहते, आणि एकदा त्यात तृप्ती दिसते, एकदा नुसता थकवा. फोटो काढायची आम्हांला सवय नव्हती, आणि फोटो असते तरी त्यांनी काय सांगितलं असतं?

मधुरा आता रावेतला राहते. तिच्या कंपनीत शनिवार-रविवार सुट्टी, आणि यंदा जत्रेची तिथी रविवारी आली, म्हणून या चैत्रात मला घेऊन ती त्याच गावच्या जत्रेला गेली, ऐन जत्रेच्या दिवशी. मी गाव ओळखलंच नाही. फाट्यापासून गाड्यांची रांग, घाटाच्या धावपट्टीवर बैलगाड्यांची शर्यत, भोंग्यातून निवेदकाची चढत जाणारी आरोळी, पिपाण्या, ढोल, भज्यांच्या तेलाचा वास, आणि अंगावर उडणारा ओला, ताजा गुलाल. मला माहीत असलेला पार माणसांखाली गडप झाला होता. देवळाच्या रांगेत उभी राहून मी खांब शोधत होते आणि कुठला खांब ते काही केल्या ठरत नव्हतं. मी मधुराला म्हटलंसुद्धा, अगं, आपण चुकून दुसरीकडे आलो. तिने माझा दंड धरला आणि मला गर्दीतून बाहेर आणलं.

यमुनाबाईंची खाणावळ मात्र जागेवर होती. त्या वाकल्या होत्या, पण मला त्यांनी चटकन ओळखलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला, दादा न्हाई आले? मी सांगितलं. त्यांनी पदराने कपाळ टिपलं, माझ्या समोर बसल्या, आणि मधुराच्या ताटात आणखी एक वडी सरकवली. मग, काहीतरी आठवून, माझ्याकडे वळल्या.

“येकदा एकलेच आले व्हते की. तुमी माहेराला गेला व्हता तवा.”

आईच्या आजारपणात मी मधुराला घेऊन महिनाभर बीडला होते. हे मला कधी बोलले नव्हते. मी विचारलं, गुरुवारीच का? बाई म्हणाल्या, “व्हय, बेस्तरवारीच. जेवले, देवळात बसले, पार दिस कलला तवा निघाले. म्या म्हणलं, आज एकटेच? तर म्हणले, घरात करमंना.”

त्या गुरुवारी घर पूर्ण रिकामं होतं. उठवणारं कुणी नव्हतं, धपाटे थापणारं नव्हतं, वेडी होईल अशी बायको नव्हती. झोपायला सबंध दिवस मोकळा पडला होता, आणि तरी या माणसाने गाडी पुसून बाहेर काढली होती. क्षणभर मला वाटलं, मिळालं, उत्तर मिळालं. पुढच्याच क्षणी ते हातातून निसटलं. करमेना, ते या गावावाचून, की माझ्यावाचून? यमुनाबाईंना मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की एवढंच म्हणले, जास्ती बोलायचे कुठं ते.

परतीच्या वाटेवर चाकणपाशी वाहनं तुंबली होती. कारखान्यांच्या पत्र्यांवर मावळतीचं ऊन पडून सारा रस्ता पितळी झाला होता. मधुराने गाडीचं इंजिन बंद केलं आणि विचारलं, “आई, बाबांना हे सगळं खरंच आवडायचं का गं?”

मी म्हटलं, “मला आवडायचं.”

ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मीच दचकले, कारण ते खोटं नव्हतं. कपडे भिजवायचे राहिल्याची चुटपुट खरी होती आणि हेही खरं होतं: ती ढोलकी, तो रस्सा, मागे बसून त्यांच्या खांद्यापलीकडे दिसणारा डोंगर, सगळं मला फार आवडायचं. मी ते ह्यांना एकदाही सांगितलं नाही; त्यांनीही मला विचारलं नाही.

माणूस गेला तरी त्याच्या आठवणी आपल्यापाशी राहतात, असं लोक म्हणतात, आणि मीही म्हणत होते. पण जो दिवस दोघांनी मिळून पाहिला, त्याची अर्धी आठवण त्याच्याजवळ होती. ती तो घेऊन गेला, आणि आता काळ कितीही पुढे गेला तरी माझ्यापाशी प्रत्येक गुरुवार अर्धाच राहणार आहे.