एक चाक काट्याबाहेर

"खाली उतर. आणि तुझ्या मेहुण्यालापण उतरव."

"काका, ऊन बघा की जरा. दोन मिनिटांचं तर काम."

"दोन मिनिटांचं नाही, दोन माणसांचं आहे. एकशेतीस किलो. उतरा."

लंबू ड्रायव्हर हसत खाली उतरला. मागून मेहुणा उतरला, तो मात्र तोंड वाकडं करून. काका केबिनमधून बाहेर आले आणि गाडीभोवती एक फेरी मारून सगळी चाकं वजनकाट्यावर आहेत ना ते बघू लागले. लंबूची गाडी ते अठरा वर्षं बघत होते. त्या अठरा वर्षांत लंबूने एकदाही चाक बाहेर ठेवलं नव्हतं. तरी काका वाकून बघत.

कारखाना भंगार लोखंड विकत घेई. भरलेली गाडी आली की फाटकाजवळच्या मोठ्या काट्यावर उभी राहायची, तिचं वजन व्हायचं. आत माल उतरवून ती रिकामी परत आली की पुन्हा वजन. पहिल्यातून दुसरं वजा केलं की माल किती ते कळतं. पहिलीतल्या मुलालाही यावं असं गणित. पण माणसं भरल्या गाडीत बसून आत जातात, रिकामी गाडी काट्यावर आली की उतरून चालू लागतात आणि लोखंडाच्या भावाने विकली जातात. कोणी पाण्याची टाकी भरून आणतं आणि आत रिकामी करतं. कोणी परत जाताना रिकाम्या गाडीचं एक चाक काट्याच्या कडेबाहेर ठेवतं. हे सगळं पकडण्याचा पगार काकांना मिळत होता. पुढे पुढे पगाराशिवायही ते तेच करू लागले. दूधवाला, दुकानदार, घरचा गॅस, सगळ्यांवर त्यांचा संशय. "देवळात गेलात तरी प्रसाद हातावर तोलून बघाल," असं बायको म्हणायची.

आज त्यांचा संशय दोन गोष्टींवर होता. एक म्हणजे सकाळी अंगणात वाळत ठेवलेली पत्र्याची पेटी. माळ्यावर बारा वर्षं पडलेली पेटी बायकोने काल खाली काढली होती आणि तिला निळा रंग दिला होता.

"कशाला?" त्यांनी विचारलं होतं.

"गंजत होती."

"बारा वर्षं गंजत होती, ती कालच दिसली?"

"काल डबा उघडा होता रंगाचा," असं म्हणून बायको शिलाई मशीनवर जाऊन बसली होती.

दुसरी गोष्ट केबिनच्या खणात होती. दोन पत्रं. लेकीने दोन कॉलेजांत रसायनशास्त्रासाठी अर्ज केले होते आणि दोन्हीकडून होकार आला होता. जवळच्या कॉलेजचं पत्र पातळ कागदावर होतं. फी सत्तर हजार, त्यात वीस हजार शिष्यवृत्ती, भरायचे पन्नास. लांबच्या, मोठ्या कॉलेजचं पत्र जाड, गुळगुळीत कागदावर, वर सोनेरी शिक्का. फी दीड लाख. 'अभिनंदन! आपणांस सव्वा लाखाची आर्थिक मदत मंजूर झाली आहे. आपणांस केवळ पंचवीस हजार भरावयाचे आहेत.'

पन्नास आणि पंचवीस. म्हणजे मोठं कॉलेज स्वस्त. काकांनी पत्र उजेडात धरून मागून पुढून बघितलं. एवढं गुळगुळीत काही असलं की त्यांना आधी चाकं बघावीशी वाटत. कोणत्या कॉलेजात जायचं ते आज संध्याकाळी सहाच्या आत कळवायचं होतं.

लंबूची गाडी आत गेली तसा त्यांनी मोठ्या कॉलेजला फोन लावला.

"साहेब, पत्रात सगळं लिहिलंय," तिकडचा कारकून म्हणाला.

"सगळं लिहिलंय म्हणूनच विचारतोय. सव्वा लाखातले परत किती करायचे?"

"परत म्हणजे?"

"परत म्हणजे परत. तुम्ही दिलेले आम्ही फेडायचे, असे किती?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "त्यात तीस हजार शैक्षणिक कर्ज आहे."

"कर्जाला मदत म्हणता?"

"मदतच ना साहेब ती. वेळेला उपयोगी पडते."

"सावकारपण वेळेलाच येतो. पुढे?"

"पंचवीस हजार ग्रंथालयात काम केलं तर मिळतात. रोज दोन तास."

"म्हणजे मजुरी. उरले सत्तर. ते तरी खरे?"

"ते शिष्यवृत्तीचे. पक्के. दरवर्षी साठ टक्के मात्र पाहिजेत."

"वसतिगृह?"

"ते वेगळं."

"जेवण?"

"वसतिगृहाबरोबर. दोन्हीचे पंचावन्न हजार."

काका बराच वेळ विचारत राहिले. पुस्तकं, अनामत, प्रयोगशाळेतला कोट, वर्षातून दोनदा घरी येण्याचं भाडं. शेवटी कारकून थकून म्हणाला, "काका, तुम्ही ऑडिटला असता का हो?" काका म्हणाले, "काट्यावर असतो," आणि फोन ठेवला.

चार वाजता लेक डबा घेऊन आली. तिला लहानपणापासून सगळे चिंगी म्हणत. वजाबाकी ती याच केबिनमध्ये शिकली होती, शाळेच्या आधी. सहा वर्षांची असताना भरलेली गाडी, रिकामी गाडी असं ती वहीत रंगवायची आणि काका तिला प्रत्येक गाडीमागे विचारायचे, "आधी काय करायचं?" ती ओरडायची, "फेरी मारायची!"

"हे बघ," काकांनी तिच्यापुढे कागद सरकवला. "मोठ्या कॉलेजच्या गाडीत दोन माणसं बसलेली होती. एक कर्ज, एक मजुरी. उतरवली."

चिंगी उभ्यानेच वाचू लागली. एकीकडे: फी दीड लाख, राहणं-जेवण पंचावन्न, बाकी खर्च पंधरा, एकूण दोन लाख वीस. वजा सत्तर. उरले दीड लाख. दुसरीकडे: फी सत्तर, पुस्तकं दहा, बसचा पास बारा, वजा वीस. उरले बहात्तर.

"मजुरी का नाही वजा केली?"

"ती मदत नव्हे. तू राबणार, ते देणार."

"मजुरी तर मजुरी, पण माझीच ना?"

काकांनी नाइलाजाने पंचवीस वजा केले. सव्वा लाख. "तरी त्रेपन्न हजारांचा फरक आहे. वर्षाला. म्हणून म्हटलं, जवळचंच बरं. घरचं जेवण, घरचं अंथरूण. तुझी आईपण एकटी पडायची नाही."

चिंगीने कागद टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात टेकून त्यावर वाकली. ती वर बघेना तेव्हा काका चुळबुळ करू लागले. पोरीला कागदात काही सापडतंय का, असा त्यांना संशय आला. त्यांनी डबा उघडला, परत लावला.

पावणेपाचला खिडकीची काच थरथरली. रस्त्यावरून बस गेली. गच्च भरलेली, दारात माणसं लोंबकळत होती. काकांनी सवयीने मनगटावरचं घड्याळ बघितलं. या बसवर ते रोज घड्याळ लावत.

"ही कुठून आली?" चिंगीने विचारलं.

"कोण?"

"बस, बाबा."

"तिकडूनच. जवळच्या... तुझ्या कॉलेजच्या गावाहून."

"तिथून किती वाजता सुटते?"

काका खणातले कागद सारखे करू लागले.

"चार वाजता सुटते ना? आणि हीच शेवटची. तुम्हीच सांगायचात मला, ही गेली की आता तिकडून कोणी येत नाही." तिने पातळ पत्र उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात वेळापत्रक होतं. प्रात्यक्षिक, आठवड्यातून चार दिवस, तीन ते साडेपाच. "मग मी घरी कशी येणार?"

"मास्तरांना सांगून लवकर निघायचं..."

"चारही दिवस?"

बाहेर एका गाडीने हॉर्न दिला. काका उठले नाहीत.

"तिथंपण खोली घ्यावी लागणार," चिंगी हळूच म्हणाली. रागावली नव्हती ती, लहानपणी आकडा चुकला की काका ज्या आवाजात समजावायचे, तोच आवाज होता. तिने पेन्सिल घेतली, बसचा पास खोडला, राहणं-जेवण पंचावन्न लिहिलं. एक लाख पंधरा. "दहा हजारांचा फरक आहे बाबा. त्रेपन्नाचा नाही. तुमच्या या गाडीचं एक चाक काट्याबाहेर आहे."

काकांनी कागद ओढून घेतला. पुन्हा बेरीज केली, वरून खाली आणि मग खालून वर. वेळापत्रक त्यांनी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. बसची वेळ तर त्यांच्या मनगटावरच होती. तीस वर्षांत त्यांनी चारशे ड्रायव्हर पकडले असतील. प्रत्येक जण पहिल्यांदा हेच म्हणायचा की लक्षातच नाही आलं. काकांनी ते वाक्य तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं.

"तुला तिकडेच जायचंय, हे आईला माहीत होतं?"

"आईने काहीच विचारलं नाही. फक्त पेटीला रंग दिला."

हॉर्न पुन्हा वाजला. काका दारापर्यंत गेले, तिथून पाठमोरेच म्हणाले, "त्या कारकुनाला फोन लाव. येते म्हणून सांग. आणि ते तीस हजार पण घ्यायचे. मदत म्हणून नाही, कर्ज म्हणून. काय घेतोय ते आपल्याला ठाऊक पाहिजे."

मग ते बाहेर गेले आणि त्या दिवशी त्या गाडीभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या.

तीन आठवड्यांनी चिंगी निघाली. आई सामानातलं अंथरूण-पांघरूण घेऊन सकाळच्या बसने स्टेशनवर पुढे गेली होती. काकांना बदली माणूस मिळाला नव्हता. लंबूची गाडी माल उतरवून स्टेशनकडेच जाणार होती, म्हणून निळी पेटी आणि चिंगी कारखान्याच्या आवारातच गाडीत चढली. गाडी काट्यावर येऊन थांबली. लंबू सवयीने खाली उतरला.

"काका, पोरीला उतरवतो."

"राहू दे."

लंबूने मान वाकडी करून त्यांच्याकडे बघितलं. अठरा वर्षांत त्याने हा शब्द ऐकला नव्हता.

पडद्यावर आकडे हलले आणि थांबले. पोरगी आणि पेटी धरून सात हजार तीनशे वीस किलो. काकांनी बटण दाबलं. चिठ्ठी बाहेर आली, ती त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मग खिडकीतून हाक मारली, "चिंगे, आता उतर. पेटी पण उतरव. खरं वजन घ्यायचंय."

"बाबा, पेटीपण?" ती हसली, पण उतरली. लंबूने बडबडत पेटी उतरवली. सात हजार दोनशे चाळीस. ही चिठ्ठी काकांनी लंबूच्या हातात दिली, पेटी परत चढवली, आणि चिंगी वाकली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"साठ टक्के पाहिजेत," ते म्हणाले. "बारीक अक्षरात आहे."

"वाचलंय मी, बाबा."

गाडी फाटकाबाहेर वळली. काका केबिनमध्ये आले. गाडी गेली की पडदा शून्यावर आला का ते बघायचं, असा नियम आहे. काकांनी बघितलं. शून्य होतं.

तरी ते बाहेर गेले आणि रिकाम्या काट्याभोवती एक फेरी मारून आले.