वस्तऱ्याखालची मंडळी

खचलेल्या माणसाला धीर द्यायला आलेली माणसं किती चहा पितात, याचा हिशेब स्वर्गात होत असेल, तर आमच्या चर्चचं काही खरं नाही.

दर बुधवारी संध्याकाळी तिघं यायचे. पुढं पाळकसाहेब, मागं निवृत्त मास्तर आणि शेवटी आमेनमामा. मामांना हे नाव पडलं, कारण प्रार्थना संपायच्या आधीच ते आमेन म्हणून मोकळे होतात आणि बिस्किटांकडे बघायला लागतात.

येण्याचं कारण आमचे हे. घराच्या पुढच्या खोलीत ह्यांचं केस-दाढीचं दुकान. मोठ्या तापातून उठल्यावर ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला आणि दुकान उघडलं त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी कापली गेली. प्रभूच्या एका शिष्यानंही कुणाचा तरी कान कापला होता. पण तिथं तो परत जोडणारा शेजारीच उभा होता. इथं शेजारी मी होते, हातात फडकं घेऊन. तेव्हापासून शटर खाली. डॉक्टर म्हणाले, हातात आता काही दोष नाही, मनात भीती बसलीय. भीतीवर गोळी मिळत नाही. हे दिवसभर खिडकीशी बसायचे आणि वस्तऱ्याचं नाव काढलं की हात काखेत लपवायचे. शेवटी दुकानातली खुर्ची विकायला काढली. शनिवारी सकाळी एक माणूस ती बघायला येणार होता. खुर्ची गेली की तिच्यामागून हेही जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्या बुधवारी पाळकसाहेबांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली. मंडळी म्हणजे एक शरीर, एक अवयव दुखला की सगळ्यांना दुखतं, वगैरे. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवायची मला खोड आहे. बघते तर तिघांच्या हनुवट्या कशा गुळगुळीत! आणि तिघांच्या गालांना वास एकाच लोशनचा.

"आमेन," मामा म्हणाले, वेळेच्या आधी.

"दाढी कुठं केलीत, साहेब?" मी विचारलं.

पाळकसाहेब घुटमळले. "चौकात, वहिनी. ते नवीन दुकान झालंय ना..."

"आणि मास्तर, तुम्ही?"

मास्तरांनी रिकामा कप तोंडाला लावला.

"वा! धीर द्यायला इथं आणि गळा द्यायला चौकात!"

"अगं, गप्प बस," हे म्हणाले. "त्यांचं काय चुकलं? मी तरी माझ्या हाताखाली बसलो असतो का?"

हे इतक्या हळू म्हणाले की मला रडूच कोसळलं. रडता रडता मी बिस्किटांची बशी उचलून आत नेली. मामांचा हात हवेतच राहिला.

शनिवारी सकाळी दार वाजलं. मला वाटलं, खुर्चीवाला आला. दार उघडलं तर बुधवारचेच तिघं, वाढलेल्या दाढ्यांसकट. मास्तर तर फरारी गुन्हेगारच दिसत होते.

"दुकान उघडा, भाऊ," पाळकसाहेब म्हणाले. आवाज उपदेशाचा होता, पण पाय अजून उंबऱ्याबाहेरच होते.

हे नको नको म्हणत राहिले. मी शटर वर ढकललं. मग "आधी तुम्ही, आधी तुम्ही" सुरू झालं. स्वर्गाच्या दारातही एवढा मानपान होणार नाही. शेवटी ज्याचा कळप त्यानं पुढं व्हावं, म्हणून साहेबच खुर्चीत बसले. ह्यांनी फेस लावला आणि साहेबांनी प्रार्थना सुरू केली. ती संपेचना.

"साहेब, फेस वाळतोय," मी म्हटलं.

"आमेन," मामा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं आमेन वेळेवर पडलं.

ह्यांनी वस्तरा उचलला. हात थरथरत होता. एक गाल कसाबसा पार पडला. हनुवटीशी वस्तरा घसरला आणि पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली.

ह्यांनी वस्तरा खाली ठेवला. "झालं समाधान? आता जा सगळे."

साहेबांनी हनुवटीला बोट लावलं, रक्त बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. तेव्हा ते उठून पळाले असते, तरी मी दोष दिला नसता. पण ते मागं रेलले आणि मान आणखी वर केली.

"दुसरा गाल राहिलाय, भाऊ."

इतकी वर्षं त्या दुसऱ्या गालावरचे त्यांचे उपदेश ऐकत मी डुलक्या काढल्या आहेत. तो खरोखर पुढं केलेला तेव्हाच पाहिला.

ह्यांनी जखमेवर तुरटी फिरवली. साहेबांच्या तोंडून चर्चमध्ये कधीच न ऐकलेला शब्द निघाला. हे खदखदून हसले, तापातून उठल्यावर पहिल्यांदाच. मग वस्तरा परत उचलला. हात अजून थरथरत होता, तरी दुसरा गाल नीट उतरला.

मास्तर खुर्चीत बसले तोच दारात एक अनोळखी माणूस उभा राहिला. "ती खुर्ची विकायची होती ना?"

ह्यांनी मास्तरांच्या गळ्यावरची नजर हलवली नाही. "खुर्ची रिकामी नाही. दाढी करायची असेल तर मामांच्या मागं नंबर लावा."

त्यानं साहेबांची हनुवटी बघितली आणि काढता पाय घेतला. मी आत जाऊन डोळे पुसले आणि बिस्किटांचा अख्खा डबा आणून मामांच्या मांडीवर ठेवला.