कर्दळीच्या वाफ्याची तपासणी

पाहुणा येणार म्हटलं की आधी घरातली सगळी घाण नजरेआड करायची, ही औंढ्याजवळच्या त्या वाडीची जुनी रीत. जानूभाऊ तर या बाबतीत भलतेच कडक. प्रयोगशाळेतून सांडपाणी तपासायला म्याडम येणार हे कळताच त्यांनी दोन दिवस आधी घरोघरी बजावलं, "कुनी धुनं धुवायचं न्हाई, आंघोळ करायची न्हाई. मोरीतनं थेंब खाली येता कामा नये. म्याडमला समदं चकाचक दिसू द्या."

वाडीचं सांडपाणी निवळणारा कर्दळीचा वाफा जानूभाऊंच्याच शेतात होता. खाली खडी, वाळू, वर कर्दळ. एका तोंडानं गटाराचं पाणी आत यायचं आणि दुसऱ्या तोंडानं निवळून ओढ्याला जायचं. दोन गुंठे जमीन त्यांनी बायकोला, हिराला, न विचारता देऊन टाकली होती. आता पाणी नापास झालं तर ग्रामपंचायत वाफा बुजवणार, आणि जानूभाऊंना जन्मभर हिराचं ऐकावं लागणार.

"माजी काकडीची जागा गटाराला दिली ह्यांनी," असं हिरा वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. स्वतःच्या घरची मोरी तर तिनं वाफ्याला जोडूच दिली नव्हती. तिचं सांडपाणी परसातल्या अळूला.

प्रतीक्षा म्याडम स्कूटरवरून आल्या. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलगी, हातात बाटल्यांची पेटी.

"काका, आत येणारं घाण पाणी कुठंय?"

"थेंब न्हाई!" जानूभाऊ छाती काढून म्हणाले.

"मग बाहेर पडणारं?"

जानूभाऊंनी वाकून पाइपात पाहिलं. तोही कोरडा ठणठणीत.

"अहो, वरून पाणी आलं तरच आतलं पुढं सरकणार ना? मी बाटलीत काय भरू, कर्दळीची फुलं? एक वाजेपर्यंत थांबते. दोन्ही नमुने नाही मिळाले तर नापास लिहावं लागेल."

लेंगा वर खोचून जानूभाऊ वाडीत धावत सुटले. "आंघोळी करा! धुनी काढा! भांडी घासा!"

"जान्या, नक्की काय करायचं ते एकदा ठरव की रं," झुंबरबाई दारातून ओरडल्या. गेणू आबा आंघोळीच्या दोन दिवसांच्या सुट्टीवर लय खूश होते, त्यांनी उद्यावर ढकलायला पाहिलं. जानूभाऊंनी बंडीसकट त्यांच्या डोक्यावर बादली ओतली.

दोन दिवसांची धुणी एकदम बाहेर पडली. साबणाचं काळं पाणी गटारातून खळाळत वाफ्यात शिरलं, तेव्हा जानूभाऊंना लेकीच्या लग्नात झाला नव्हता एवढा आनंद झाला. पण दोन दिवस तहानलेला वाफा सगळं पिऊन बसला. एक वाजायला दहा मिनिटं उरली तरी बाहेरचा पाइप कोरडाच. म्याडमनी पेन काढलं.

तेवढ्यात बांधावरून हिरा आली. नवऱ्याचा हुकूम तिनं कधी मानला होता? सकाळपासून तिचं धुणं चालूच होतं. दोन बादल्या राखाडी पाणी तिनं वाफ्याच्या तोंडाशी ओतलं आणि परत गेली. अशा चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला बाहेरचा पाइप गुरगुरला आणि पाण्याची बारीक धार लागली.

"घराची अब्रू जायला नको म्हून आनलं," ती फणकाऱ्यानं म्हणाली.

म्याडमनी बाटली उजेडात धरली. "आकडे प्रयोगशाळेतून येतील काका, पण नापास लिहायची आता गरज नाही. छान निवळलंय."

हिरानं ओंजळीत त्या धारेचं पाणी धरलं आणि नाकाशी नेलं.

"पान्याला वास न्हाई," ती म्हणाली.

जानूभाऊंचे डोळे भरून आले.

"वास तुमच्या अंगाला येतोय. दोन दिस झालं. घरी चला, पानी तापवून ठेवलंय."

जानूभाऊ लगबगीनं घराकडं निघाले.

"थांबा," हिरा म्हणाली. "आदी आपल्या मोरीचा पाइप वाफ्याला जोडा. मंग आंघोळ."